फरशीवरची लाल रेघ

या गं, जरा जवळ सरकून बसा. मंडळाच्या अंकात माझं पान आलं की "आजींचं नंतर वाचू" म्हणून पुढे पळता तुम्ही, मला सगळं कळतं. या वेळी संपादकीणबाई म्हणाल्या, रेसिपी नको, एखादा अनुभव लिहा. म्हणून बसलेय लिहायला. आज तो फोन बाजूला ठेवा, चहा घ्या आणि शेवटपर्यंत थांबा.

आधीच सांगते - भुतंखेतं, अंगात येणं, दृष्ट... माझा कशावरही विश्वास नव्हता, अजूनही नाही. माझे वडील ठाण्याला शाळामास्तर होते. कोणी असलं काही बोललं की शांतपणे विचारायचे, "तू स्वतः पाहिलंस का?" तर हे मी स्वतः पाहिलंय, म्हणूनच लिहितेय.

१९८२ चा ऑगस्ट, म्हणजे इथला ऐन हिवाळा. आम्ही तेव्हा इथल्याच फूट्सक्रे उपनगरात राहायचो. आमचे हे इंजिनियर, नीलू आमची एकुलती एक, बारावीला. ती डॉक्टर होणार हे घरात ठरलेलं होतं. ठरलेलं म्हणजे ह्यांनी ठरवलेलं. नीलूला कोणी विचारलं नव्हतं आणि तीही काही बोलत नव्हती. लहानपणी तोंडाची टकळी चालवणारी पोर, त्या वर्षी मुकी झाली. काहीही विचारा, "डन्नो." जेवलीस का? डन्नो. अगं, जेवलीस का ते तरी माहीत असेल ना तुला? मी वरवर हसायचे, पण आत धास्ती वाटायची. अशीच मान हलवत ही मुलगी आयुष्यभर नको त्या कामाला जात राहिली तर...

युनिचा, म्हणजे विद्यापीठाचा, ओपन डे रविवारी होता. प्रत्येक डिपार्टमेंट टेबलं मांडतं, मुलं आईबापांना घेऊन हिंडतात, माहिती विचारतात. आम्ही मेडिसिनचं भाषण ऐकायला गेलो होतो. ते दुपारचं, पण हे आधीच जाऊन बसले - पुढच्या रांगेत रुमाल टाकून जागा धरायला. मला म्हणाले, "तुम्ही दोघी डबा खाऊन या. आणि वेळेवर या."

बाहेर कापून काढणारा वारा. त्यात माझी टिकली कुठेतरी उडून गेली, आणि पर्समध्ये दुसरी नाही. तुम्हा आजकालच्या मुलींना हसू येईल, पण मोकळ्या कपाळाने मला चार लोकांत अगदी ओशाळं वाटायचं. सारखा हात कपाळाला. नीलू म्हणाली, "आई, नोबडी केअर्स." मी म्हटलं, "मी करते ना केअर."

डबा उघडायला आडोसा शोधत आम्ही एका जुन्या दगडी इमारतीत शिरलो. लांब बोळ, आणि टोकाला एक दार उघडं, आत पिवळा उजेड. आत एक बाई दगड मांडलेल्या टेबलापाशी उभी होती. साठीची असेल. खाकी शर्ट, डोक्याला कापडी हॅट, बुटांवर लाल धूळ. नाकाची सालं निघालेली, उन्हात भाजून निघतात ना, तशी. बाहेर एवढं गारठलेलं, आणि तिच्या अंगाला तापलेल्या मातीचा वास येत होता.

"डोन्ट माइंड मी, ईट युअर लंच," म्हणाली. आम्ही कोपऱ्यात बसून पोळीभाजी खाल्ली. ती तिच्या दगडांत. पण काय तिचे हात होते हो! एकेक दगड असा उचलायची, जसं आपण झोपलेलं मूल उचलतो.

नीलूचं खाणं अर्धवट राहिलं. ती टेबलाजवळ गेली. आता मला वाटलं, बाई विचारणार - मार्क किती, विषय कोणते. दिवसभर सगळे तेच विचारत होते. तिने एक काळपट, जड दगड नीलूच्या हातात ठेवला आणि विचारलं, "कुठला रंग आहे याचा?"

"ब्लॅक," नीलू म्हणाली.

"नक्की?" असं म्हणत तिने एक खरखरीत पांढरी फरशी पुढे सरकवली. "ओढ यावर रेघ."

नीलूने रेघ ओढली. काळ्या दगडाची रेघ उमटली लालभडक. नीलूच्या तोंडून "ओह" निघालं. किती महिन्यांनी मी तो आवाज ऐकला. मग त्या दोघींचं जे सुरू झालं... मला निम्मं कळलं नाही. प्राणी, झाडं काही नव्हतं तेव्हाचा समुद्र, त्याच्या तळाशी साचत गेलेलं लोखंड. बाई थोडं सांगायची आणि गप्प व्हायची, नीलूला बोलू द्यायची. मी आई असून मला ते जमलं नव्हतं.

आणि माझं लक्ष कुठे, तर त्या लाल भुकटीकडे. विचार न करता मी करंगळीजवळचं बोट रेघेवर टेकवलं आणि कपाळाला लावलं.

"आई, डोन्ट! दॅट्स अ रॉक!" नीलूला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

बाई हसली नाही. हे काय, का लावता, काहीसुद्धा नाही. तिने हॅट काढली, पांढरे केस मागे सारले आणि माझ्यासमोर कपाळ वाकवलं. "फेअर इज फेअर. मलाही."

या देशात येऊन आठ वर्षं झाली होती. कपाळावर काय आहे ते लोकांनी पुष्कळदा विचारलं, पण मलाही लाव असं म्हणणारी पहिलीच. मी पुन्हा बोट टेकवलं, तिला लावलं. कपाळ चांगलं उबदार होतं. तिला नवरा आहे की नाही, हे विचारायचं माझ्या मनातही आलं नाही.

निघताना तिने नीलूला एवढंच म्हटलं, "घरी सांगशील ना?" नीलूने मान हलवली.

बाहेर येतो तर हे तावातावाने समोरून. "दोन खुर्च्यांवर रुमाल आणि मफलर टाकून बसलोय, लोक बघतायत माझ्याकडे. भाषण संपलं. होतात कुठे?" मग माझ्याकडे नीट बघून, "कपाळाला काय लावलंयस?"

"दगड," मी म्हटलं.

सगळं ऐकल्यावर ते म्हणाले, "चल, भेटू दे मला ती बाई. माझ्या मुलीच्या डोक्यात काय काय भरवतात हे लोक, बघतो."

गेलो. बोळ तोच. दार बंद, कुलूप. शेजारून एक दाढीवाला तरुण आला, छातीवर तिथल्या जिऑलॉजी डिपार्टमेंटचा बिल्ला. "ती खोली? ती आम्ही वापरत नाही, मेट. अडगळ आहे." बाई म्हणाल तर ऑफिसची सेक्रेटरी तेवढी, आणि ती रविवारी येत नाही. पूर्वी कोणी बाई होत्या का, हेही ह्यांनी विचारलं. "त्या खोलीत म्हातारे प्रोफेसर बसायचे. पण ते पुरुष होते." भला मुलगा, किल्ली घेऊन आला.

आत खोकी, चादर घातलेलं टेबल, सगळीकडे धूळ. पिवळा दिवाही नाही, वायरच लोंबत होती. दगड एकही नाही. तरुणाने चादर ओढली. टेबलावर ती पांढरी फरशी होती. तिच्यावर लाल रेघ, आणि रेघेत बोट टेकवल्याच्या दोन खुणा.

ह्यांनी फरशीकडे पाहिलं, माझ्या कपाळाकडे पाहिलं. माझं बोट धरून खुणेवर ठेवून बघितलं. बसलं बरोब्बर. हे हाडाचे इंजिनियर, मला वाटलं आता काहीतरी कारण काढतील. पण ते नीलूकडे वळले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "काय म्हणाली ती बाई तुला?"

आणि नीलू बोलायला लागली. त्या धुळीत उभी राहून, बापाच्या डोळ्यांत बघून, इंग्रजी-मराठी मिसळून भडाभडा. तो समुद्र, ते लोखंड, तिला काय शिकायचंय, कधीपासून शिकायचंय. ह्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. दाढीवालासुद्धा किल्ली हातात धरून ऐकत राहिला.

"मग डॉक्टर कोण होणार?" शेवटी ह्यांनी विचारलं.

"मी नाही, बाबा."

मग हे म्हणाले, "बरं." त्या एका शब्दासाठी मला माझ्या नवऱ्याचा आजही अभिमान आहे.

नीलू जिऑलॉजिस्ट झाली. पश्चिमेकडच्या खाणींच्या मुलुखात तिने कितीतरी वर्षं काढली, तिच्याही नाकाची सालं निघायची. ती फरशी त्या तरुणाने आम्हाला देऊन टाकली. नीलूने पुढे ती तपासली. साधी फरशी, साधं लोखंडाचं खनिज, म्हणाली. "बाकीचं मला विचारू नकोस, आई." हे गेले तोवर त्यांनाही उत्तर सापडलं नाही. मलाही नाही. ती कोण होती, तिला आमच्या पोरीची काळजी का... माहीत नाही. एवढंच म्हणते, कोणी का असेना, मोठ्या मनाची होती.

फरशी माझ्या देवघरात आहे, इथे ट्रुगानिनाला. संक्रांतीला हळदीकुंकू करते तेव्हा पहिलं बोट तिच्यासाठी टेकवते. तुमच्यापैकी कोणाची लेक बारावीला असेल, घरात मुकी झाली असेल, तर तिला घेऊन या. गुळपोळ्या करीन, फरशी दाखवीन, आणि आपण दोघी गप्प बसून तिला बोलू देऊ. पण लवकर या गं, आता माझे गुडघे फार दिवस दारापर्यंत यायचे नाहीत.