पद्माचा अर्थ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — माहीत नाही.

सोलापुरात, पूर्व भागातल्या एका शाळेत मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. शिकवलं म्हणजे काय — गाईड वाचून दाखवलं. ते पोरांना कळू नये म्हणून आवाज चढा ठेवायचो. उथळ पाण्याला खळखळाट फार, दुसरं काय?

नववीचा वर्ग होता. फळ्यावर ‘कॉल ऑफ’ लिहिलं आणि अर्थ सांगितला, हाक मारून बोलावणे. गाईडात तो नव्हताच, मी आपला ठोकून दिला. पद्मा उभी राहिली. तिची आई विड्या वळायची, घरात सगळे तेलुगू बोलायचे. ती म्हणाली, सर, रद्द करणे. पाऊस आला की मॅच कॉल ऑफ करतात, टीव्हीवर ऐकलंय.

तिचं बरोबर असणार, हे मला तेव्हाच — हो, तेव्हाच — कळलं होतं. मग गप्प बसता येत नव्हतं का? मी म्हणालो, "घरात तेलुगू बोलणारी आता मला इंग्रजी शिकवणार." वर्ग हसला. आमच्याकडे अर्थ एका सुरात घोकून घ्यायची पद्धत. मी तिला पुढे उभं केलं आणि माझा चुकीचा अर्थ तिलाच सांगायला लावला. तिच्यामागून साठ पोरं. वीस वेळा. मध्येच तिचा आवाज फुटला. मी थांबवलं नाही.

घरी जाऊन डिक्शनरी उघडली. रद्द करणे. पुढच्या वर्षीपासून प्रत्येक वर्गाला तोच अर्थ शिकवला, मॅचच्या उदाहरणासकट. तिचं बरोबर होतं, हे तिला मात्र कधी सांगितलं नाही. तिने पुन्हा कधी हात वर केला नाही. दहावीला इंग्रजीतच नापास झाली आणि आईशेजारी विड्या वळायला बसली. मला लाज वाटते. पण नुसत्या लाजेनं काय होतं?

गेल्या महिन्यात तिने घरी बोलावलं. मुलगी आठवीत आहे, इंग्रजी अडतं म्हणाली. मला वाकून नमस्कार केला, चहा दिला. मी मुलीला एका वाक्याचा अर्थ सांगत होतो, तर ती मध्येच म्हणाली की पुस्तकात वेगळं दिलंय. पद्माने तिला दटावलं.

"सर सांगतात तेच लिही. मला पण लई उलट बोलायची खोड होती. सरांनीच मोडली की."

बोलण्यात टोमणा नव्हता. ती खरंच उपकार मानत होती.

मी पुस्तकात पाहिलं. मुलीचं बरोबर होतं. मी पुढचं वाक्य घेतलं.