वरच्या मजल्यावरचा फ्रिज

नातवंडांनो, मी पंचवीस वर्षं शाळेत फिजिक्स शिकवलं. तुमच्या बाबांना लहानपणी काजळाची तीट लावली तीसुद्धा सासूबाईंचा मान राखायला... दृष्टीबिष्टीवर माझा काडीचा विश्वास नव्हता. तरी हे जसं घडलं तसं लिहिते आहे.

स्थळ — नाशिक, गंगापूर रोडवरचं आपलं दोन मजली घर. खाली आम्ही, वर माझा धाकटा दीर आणि जाऊ. जाऊ सायखेड्याची, सातवीपर्यंत शिकलेली. माझ्या सासूबाई, म्हणजे तुमच्या पणजी, गुडघे दुखत असूनही जिना चढून तिच्याकडेच राहायच्या. थोरली सून मी, आणि राहणं तिच्याकडे! वरून त्या दोघींचं हसणं ऐकू आलं की मी रेडिओ मोठा करायचे. खोटं कशाला सांगू — जळायचे मी.

तुमच्या बाबांची बारावी झाली त्या उन्हाळ्यात वरचा फ्रिज गार करेना. सासूबाईंचं इन्सुलिन त्यातच असायचं.

"ताई, दूध फाटलं हो. आता आईंच्या औषधाचं काय करू?" जाऊ रडकुंडीला आली होती.

मी बाटली लगेच खाली माझ्या फ्रिजमध्ये ठेवली. औषध आलं, आता सासूबाईही येतील... हे मनात. आणि ठरलंही तसंच — रविवारपर्यंत वरचा फ्रिज दुरुस्त झाला नाही, तर त्या माझ्याकडे राहायला येणार.

सातपूरहून मेकॅनिक आला. मागची जाळी साफ केली, दाराच्या रबरात कागद अडकवून ओढून पाहिला, गॅस तपासला, थर्मोस्टॅट नवा घातला. कुठेच दोष नाही. मग मी फ्रिजमध्ये पाण्याचा ग्लास ठेवला, त्यात थर्मामीटर, आणि नोंदींना एक वही केली. मी पाहिलं की चौदा. जाऊने पाहिलं की पाच.

"नीट वाचतेस ना गं?"

"आकडे येत्यात हो मला, ताई!"

शेवटी मेकॅनिकला वाचायला लावलं. मी खाली असताना — पाच. मी वर येऊन फ्रिजसमोर दहा मिनिटं उभी राहिले, दार बंदच. उघडलं तर चौदा! ग्लासभर पाणी बंद फ्रिजमध्ये दहा मिनिटांत नऊ अंश तापत नाही, मुलांनो.

"मॅडम, हा तुमच्यावर रुसलाय वाटतं," मेकॅनिक हसला. मला हसू आलं नाही.

शनिवारी दुपारी सासूबाई म्हणाल्या, "दृष्ट लागलीय त्याला. थोरलीला काढू दे."

घरातली मोठी सवाष्ण, म्हणून तो मान माझा. मुठीत मीठ, मोहऱ्या, मिरच्या घेऊन मी फ्रिजवरून ओवाळू लागले. सासूबाई सांगायच्या, मी मागून म्हणायचे.

"आल्यागेल्याची... शेजारापाजाऱ्याची... घरच्यादारच्याची..."

तिथे माझी जीभ अडली.

"म्हण की गं."

"माझी," मी म्हणाले.

जाऊने माझी मूठ हळूच उघडली आणि सगळं तापल्या तव्यात टाकलं. मिरच्या जळून काळ्या झाल्या, पण तिघींपैकी एकीलाही ठसका लागला नाही. दृष्ट जबर असली की असं होतं म्हणतात.

तासाभराने मी स्वतः थर्मामीटर पाहिला. पाच.

मी सासूबाईंजवळ जाऊन बसले. "आई, तरीही खाली चला ना. माझ्याकडे राहा." इतक्या वर्षांत हे मी एकदाही म्हटलं नव्हतं. थोरलीकडे त्यांनी आपण होऊन यायला हवं, अशी माझी समजूत.

त्या म्हणाल्या, "आधी कधी म्हणाली नाहीस गं... आता इथली सवय झाली."

इन्सुलिनची बाटली मीच वर नेऊन ठेवली.

सासूबाई शेवटपर्यंत वरच राहिल्या. पाणी का तापायचं, ते मला आजही सांगता येत नाही. आणि दृष्टच म्हणावी, तर तेही जुळत नाही... कारण त्यानंतरही वरून हसणं ऐकू आलं की मी जळतच राहिले, अगदी पहिल्यासारखी. फ्रिज मात्र पाचावरून हलला नाही.