दाजींनी घासलेला सांधा

माझ्या हातांपेक्षा माझी जीभ जलद चालते, असं ताई मी शाळेत असल्यापासून सांगत आली आहे. पन्नाशी उलटली तरी तिच्या लेखी मी बाळ्याच, त्यामुळे ते कधी मनावर घेतलं नाही. घेतलं असतं तर तिच्या नवऱ्याबद्दल हे असं मान खाली घालून लिहायची वेळ आली नसती.

ताईचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, टर्नर; लेथवर धातू कातून सुटे भाग बनवायचे. माझं जुन्या मोटरसायकलींचं गॅरेज आणि त्यांचं लेथचं दुकान यांच्यात एकच भिंत होती, आणि तिच्यात आम्ही एक दार पाडून घेतलं होतं. माझ्याकडे येणाऱ्या गाड्या चाळीस-पन्नास वर्षांच्या. त्यांचं जे सामान बाजारात मिळत नसे ते दाजी बनवत. एखादा बुश, म्हणजे धातूची छोटी पोकळ नळी, तयार झाला की फडक्यानं पुसून माझ्या बाकड्यावर ठेवायचे आणि "बघ बसतो का" म्हणून परत जायचे. बसायचाच. तरी "बघ" म्हणायचेच. मला या गरीबपणाची चीड यायची. एवढं चोख काम करणाऱ्या माणसानं जरा ताठ चालावं की नाही? मी मात्र अर्धं काम करून दुप्पट ताठ चालत होतो.

एकदा वकीलबाई त्यांच्या वडिलांची मोटरसायकल घेऊन आल्या. गाडी देखणी, पण उभी राहील तिथे तेलाचं डबकं. मी छातीवर हात ठेवून सांगितलं, "बाई, माझ्या हातून गेल्यावर एक थेंब पडणार नाही." इंजिन पूर्ण खोललं. क्रँककेसचे, म्हणजे इंजिनाच्या खालच्या कवचाचे, दोन अर्धे जिथे एकमेकांना मिळतात तिथे खड्डे आणि ओरखडे होते. ते दाजींच्या हवाली केले. त्यांनी तीन दिवस लावले. जाड काचेवर निळी शाई पसरायची, अर्धा तिच्यावर टेकवायचा, जिथे निळं लागेल तेवढाच उंचवटा खरवडायचा, की पुन्हा काच, पुन्हा शाई. तिसऱ्या दिवशी दोन्ही अर्धे बाकड्यावर आले, आणि सोबत पितळेची एक छोटी झडप.

"हे कशाला?" मी विचारलं.

"पिस्टन खाली येतो तेव्हा आतली हवा दाबली जाते," दाजी म्हणाले. "तिला बाहेर पडायला या गाडीत वाट अपुरी आहे. वाट नाही मिळाली तर ती तेल घेऊन सांध्यातून बाहेर येणार. ही झडप ब्रीदरच्या नळीत बसव. हवा बाहेर सोडते, परत आत घेत नाही. आणि हेडवरचं तेल ज्या भोकातून खाली उतरतं ना, तेही जरा मोठं करून घेऊ."

एका दमात इतकं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. दाजींना बारा महिने सर्दी. मी म्हणालो, "दाजी, नाक तुमचं चोंदलंय, औषध इंजिनाला कशाला देताय?" चार वाजता चहाला येणारे स्पेअरवाला आणि पेंटर पोट धरून हसले. दाजीही हसले. झडप खणात गेली.

वर मी नेमकं उलटं केलं. ब्रीदरमधून तेलाचे शिंतोडे बाईंच्या कपड्यांवर उडायचे, म्हणून जुनी आखूड नळी काढून लांब आणि बारीक नळी जोडली आणि ती मागच्या चाकापर्यंत नेली. सांध्यावर गळती बुजवायची सीलंटची पेस्ट अशी थापली की गवंड्यानं लाजावं. काम झाल्यावर स्वतःची पाठ थोपटून घेतली.

आठ दिवसांत बाई परत आल्या. फरशीवर डाग, बुटांवर डाग, आणि आवाज कोर्टातला. "एक थेंब म्हणाला होतात ना, मिस्त्री?" स्पेअरवाला आणि पेंटर चहा घेऊन ऐकत उभे. मी उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हणालो, "सांधाच वाकडा घासलाय, बाई. दाजींची नजर आता पहिल्यासारखी राहिली नाही. घरचं माणूस, मी तरी काय बोलणार?"

दाजी मधल्या दारात उभे होते. हातात पुसलेला बुश होता. तो त्यांनी बाकड्यावर ठेवला आणि ते परत गेले.

त्या क्षणी मला ते खरंच वाटत होतं, असं म्हणायची सोय आहे. पण नव्हतं वाटत. मी तपासलंच नव्हतं. मला बाईंच्या समोरून सुटायचं होतं आणि दाजी उलटून बोलणार नाहीत हे मला माहीत होतं.

पुढे दाजी इंजिनाचं काम नको म्हणू लागले. वर्षभरात त्यांनी लेथ विकला आणि एका कारखान्याच्या भांडारात नट-बोल्ट काढून द्यायची नोकरी धरली. ताईनं मला विचारलं, "बाळ्या, तुमचं काही झालं का रे?" मी म्हणालो, "वय झालं ताई त्यांचं." दाजी तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे होते.

गेल्या महिन्यात वकीलबाई तीच गाडी घेऊन पुन्हा आल्या. दोन वर्षं त्यांनी ती तशीच चालवली होती, उभी करताना खाली ट्रे ठेवून. आता धूरही येत होता. मी इंजिन खोललं. तेल खाली उतरायच्या भोकात सीलंटचा वाळलेला गोळा अडकला होता, माझ्याच हातचा. बारीक नळी काळ्या चिकट्यानं गच्च. म्हणजे हवेला वाट नाही आणि तेलालाही नाही. राहिला सांधा. मी काच घेतली, शाई लावली, अर्धा टेकवला. सांगायला लाज वाटते, पण टेकवताना मी मनात म्हणत होतो की हा थोडासा तरी वाकडा निघू दे. निळं सगळीकडे सारखं लागलं. मी काच पुसून पुन्हा पाहिलं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात; मी तर दुसऱ्यानं घासून दिलेलं अंगण वाकडं ठरवलं होतं.

मग दाजींनी सांगितलं होतं ते सगळं दोन वर्षं उशिरा केलं. भोक कानशीनं मोठं केलं, त्याच्या कडा गोल केल्या, रुंद नळी घातली, खण उपसून झडप शोधली आणि बसवली. सांध्याला सीलंटचा हात इतका पातळ दिला की दिसूसुद्धा नये. तासभर इंजिन चालवलं. खालचा कागद कोरा राहिला.

ज्यांच्यासमोर बोललो होतो त्यांच्यासमोरच सांगायचं ठरवलं. चार वाजता बाईंना बोलावलं, स्पेअरवाला आणि पेंटर होतेच. म्हणालो, "त्या वेळी दाजींचा सांधा सरळ होता. चूक माझी होती."

"कुठला सांधा?" स्पेअरवाल्यानं विचारलं.

पेंटर म्हणाला, "जाऊ दे ना, कुणाला आठवतंय ते."

बाई गाडीभोवती फिरून आल्या आणि म्हणाल्या, "मिस्त्री, तुमचं ते बोलणं मी तेव्हाच खरं धरलं नव्हतं."

मला हलकं वाटलं. कुणीच खरं मानलं नव्हतं म्हणजे फारसं काही बिघडलं नसणार, असा हिशोब मी दोन मिनिटांत करून मोकळा झालो. बाईंना विचारून त्याच गाडीवर ताईकडे गेलो.

दाजी नुकतेच कामावरून आले होते. पायरीवर बसून त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे सांधा सरळ होता?"

"हो, दाजी."

"निळी लावून पाहिलंस?"

"दोनदा पाहिलं."

ते आत जाऊन चष्मा घेऊन आले. गाडीपाशी उकिडवे बसले, सांध्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू बोट फिरवलं आणि बोट डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं. ते कोरडं होतं.

"बाकी कुणी खरं मानलं नव्हतं, दाजी," मी घाईघाईनं म्हणालो. "ते तर विसरूनही गेलेत."

"मी मानलं होतं," दाजी म्हणाले. "मला वाटलं, तू माझ्याबद्दल उगीच कशाला बोलशील? तू म्हणतोस म्हणजे नजर गेलीच असणार. मग कुठलंही माप घेतलं की चुकलंय असंच वाटायचं. एकेक बुश चार-चारदा मोजायचो."

ताई दारात येऊन उभी राहिली होती. तिला हे आजच कळत होतं.

दाजींनी सांध्यावरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. मग माझ्याकडे वळून, एखाद्या बुशाचं माप विचारावं तितक्या साधेपणानं त्यांनी विचारलं, "मग मी लेथ का विकला रे?"

मी म्हणालो, "माझ्यामुळे."

त्यांनी मान डोलावली, चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं बराच वेळ पुसत राहिले.