सातवी ब आणि न ओरडणारे सर

आमच्या स्टाफरूममध्ये चहाचा कप खाली ठेवेपर्यंत एक किस्सा होतो, आणि कप विसळून येईपर्यंत दुसरा. लिहून ठेवायचं कुणाच्या मनात नसतं. मित्र जमले की सांगायचे, हसायचं आणि विसरायचं. पण गेल्या वर्षीचे माझे काही किस्से विसरले जायला तयार नाहीत, कारण त्यात माझा आवाजच पणाला लागला होता.

झालं असं की वीसेक वर्षं कोल्हापुरातल्या पोरांना विज्ञान शिकवून माझा घसा कामातून गेला. घशाचे डॉक्टर आत दिवा मारून म्हणाले, "सर, गाठी आल्यात. आता ओरडायचं बंद. न्हाय ऐकलं तर एक दिवस आवाजच बंद हुईल."

मी सातवी ब चा वर्गशिक्षक. तिथं न ओरडता हजेरीसुद्धा होत नाही. मुख्याध्यापिका मगदूम मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "चौगुले सर, बरं झालं. वर्ग सांभाळायच्या नव्या पद्धतींचं ट्रेनिंग आलंय, तुम्ही जावा. जमलं तर सातवी ब तुमची. नाही जमलं तर दिवाळीनंतर तुम्हाला लायब्ररीत बसवते."

आमच्या लायब्ररीत दोन कपाटं आहेत आणि एकाची किल्ली हरवली आहे. मला तिथं बसायचं नव्हतं. मला शिकवायला आवडतं, अगदी सातवी ब लासुद्धा. म्हणून गेलो ट्रेनिंगला.

*

ट्रेनिंगमधली पहिली युक्ती म्हणजे मूक सिग्नल. शिक्षकाने काही न बोलता हात वर करायचा. ज्याला दिसेल त्याने गप्प होऊन आपलाही हात वर करायचा. बघता बघता वर्ग शांत.

आठवडाभर सराव घेतला. पोरांना खेळ वाटला आणि तो जमलाही. मी खूश.

शनिवारी संध्याकाळी शाहूपुरीत भाजीच्या पिशव्या घेऊन उभा होतो. रिक्षा दिसली म्हणून हात वर केला. समोरच्या वडापावच्या गाडीवर आमच्या वर्गाची पोरं होती. सगळ्यांनी तोंडातला घास तसाच ठेवून हात वर केले.

त्या सगळ्यांसमोर एकेक रिक्षा येऊन थांबली. मागे गाड्यांची रांग लागली, हॉर्न सुरू झाले. रिक्षावाले विचारतायत, "कुठं जायचंय?" पोरं माझ्याकडे बघतायत आणि गप्प. माझा हात पिशव्या उचलायला कधीच खाली आला होता, पण त्यांनी आपला कधी खाली घ्यायचा ते मी शिकवलंच नव्हतं.

शेवटी एक रिक्षावाला खाली उतरून माझ्याकडे आला आणि म्हणाला, "पावणं, मुक्या पोरांची शाळा हाय व्हय तुमची? आमच्या गल्लीतली चार वांड पोरं घ्या की."

*

मग शांतता कोपरा. ज्या मुलाला राग येईल त्याने वर्गाच्या कोपऱ्यात चटईवर बसायचं, उशीला टेकायचं, मन निवलं की परत यायचं. उशी मी घरून नेली. बायकोने स्वतः शिवलेली, मोराची.

दुसऱ्या दिवसापासून सातवी ब इतकी रागीट झाली की काही विचारू नका. कोपऱ्याला रांग लागायला लागली. विराज नावाचं एक पोरगं आहे. अंगाने थोराड, आणि त्याला राग आलेला मी कधी पाहिलेला नाही. तो माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाला, "सर, मला लई राग आलाय."

"कशाचा रे?"

"ते बसल्यावर ठरवतो की."

एकदा मधल्या सुट्टीत वर्गात गेलो तर चटईवर मगदूम मॅडम. ऑफिसात ऑडिटवाले आले होते. मॅडमनी मोराची उशी पाठीशी घेतली होती आणि डोळे मिटले होते. ते न उघडताच म्हणाल्या, "कुणी विचारलं तर मी शाळेत नाही."

मी दार लोटून घेतलं. बाहेर विराज रांगेत उभाच होता.

*

स्टारची गोष्ट तर सांगितलीच पाहिजे. चांगलं वागेल त्याला तक्त्यावर एक स्टार. पाच स्टार झाले की एक तास सरांच्या खुर्चीत बसायचं. मला वाटलं होतं, महिन्यातून एखादा बसेल.

पण खुर्ची म्हटल्यावर कोल्हापूरचं माणूस काय करेल आणि काय नाही! पोरं फळा पुसायला लागली, एकमेकांचे डबे धुवायला लागली, रस्त्यावरच्या म्हातारीला बळंच पलीकडे नेऊन सोडायला लागली. खुर्ची एक तासही मोकळी राहीना. मग मी शेवटच्या बाकावरून शिकवू लागलो. घशाला बरं पडत होतं, कारण मागच्या पोरांशी ओरडून बोलावं लागत नव्हतं.

एक दिवस मॅडम डोकावल्या. खुर्चीत श्रावणी बसली होती. श्रावणी आमची मॉनिटर, बोलण्यात कुणाला हार न जाणारी.

"सर कुठायत गं?"

"मागं बसल्यात," श्रावणी खुर्चीतून न उठता म्हणाली. "त्यांचं अजून एक पण स्टार न्हाय."

*

ट्रेनिंगवाल्या ताई म्हणाल्या होत्या की मुलांना दोष देऊ नका, स्वतःच्या भावना सांगा. 'गप्प बसा' असं न म्हणता 'तुम्ही गोंधळ करता तेव्हा मला वाईट वाटतं' असं म्हणायचं. मला ते बोलायला फार अवघड गेलं. आमच्या घरात वडिलांना वाईट वाटलं तर ते जनावरांना वैरण घालायला निघून जात. पण घशासाठी म्हणून एकदा वर्गात बोलून टाकलं.

दुसऱ्या दिवशी विराजचे वडील बुलेटवरून आले. त्यांची कागलला डेअरी आहे. हातात ताकाची बाटली, चेहरा गंभीर. मला गेटबाहेर बाजूला घेतलं.

"सर, पोरगं सांगत हुतं, तुमास्नी वाईट वाटतंय म्हणून. रात्रभर मला झोप न्हाय. कोण तरास देतंय का?"

"तसं काही नाही हो."

"लाजू नका. तुमी आमच्या पोरांचं मास्तर. निस्तं नाव सांगा, उद्या तुमच्या पायावर आणून घालतो."

मी नाव सांगितलं.

त्यांनी बुलेटच्या आरशात बघितलं. मग हळूच म्हणाले, "दुसरं कोण न्हाय का?"

*

एवढं होईपर्यंत दिवाळी जवळ आली. शिक्षणाधिकारी ऑफिसचे साहेब आमच्या वर्गातल्या नव्या पद्धती बघायला येणार असं कळलं. मॅडम म्हणाल्या, "सर, साहेबांनी मान हलवली तरच तुमचा वर्ग तुमच्याकडे."

एकच पद्धत राहिली होती. वर्गाचे नियम मुलांनी चर्चा करून स्वतः ठरवायचे. ताईंच्या म्हणण्याप्रमाणे त्यातून मुलांना जबाबदारी कळते. पण ताईंनी आमच्या साखर कारखान्यांच्या सभा पाहिलेल्या नसाव्यात. आमच्या पोरांनी त्या बापाच्या शेजारी बसून पाहिलेल्या असतात.

विराज अध्यक्ष म्हणून पुढे येऊन उभा राहिला. "विषय क्रमांक एक. वर्गात गोंधळ न करणे."

मागच्या बाकांवरून गर्जना झाली, "मंजूर, मंजूर!"

"विषय क्रमांक दोन—"

"मंजूर, मंजूर!"

दुसरा विषय काय होता ते अजून कुणालाच माहीत नाही. चर्चा सुरू व्हायच्या आत सगळे विषय संपले, आभार मानून झाले. श्रावणी उभी राहिली. "मला बोलू दिलं न्हाय. ही सभा आमाला नामंजूर हाय." आणि निम्मा वर्ग घेऊन ती व्हरांड्यात गेली. तिथं समांतर सभा सुरू झाली. नियम तेच, क्रमही तोच. फक्त अध्यक्ष श्रावणी.

मग आतले आणि बाहेरचे एकमेकांविरुद्ध घोषणा द्यायला लागले. मी हात वर केला, कुणी बघेना. मला वाईट वाटतं म्हणालो, ते माझं मलाच ऐकू आलं नाही. जिन्यावरून मॅडम येताना दिसल्या आणि माझा तोल गेला.

"गप बसा!"

वीस वर्षांचा सगळा आवाज त्यात गेला. दहावीचे वर्ग गप्प झाले. समोरच्या गिरणीचा पट्टासुद्धा थांबला असं शिपाई सांगतो. त्यानंतर माझ्या घशातून जे आलं ती नुसती हवा होती.

*

दुसऱ्या दिवशी साहेब आले.

मला सकाळपासून एक अक्षर फुटत नव्हतं. डॉक्टरांनी पुन्हा दिवा मारला होता आणि या वेळी सरळ मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी लिहून दिली होती, त्याची मला जास्त भीती वाटत होती. वर्गात जाऊन फळ्यावर लिहिलं, 'मला बोलता येत नाही. परत कधी येईल, माहीत नाही.' खडू ठेवला आणि तोंड फळ्याकडेच ठेवलं. डोळे भरून आले होते, ते पोरांना दाखवायचे नव्हते.

मागे कुजबुज झाली. कालचे दोन्ही अध्यक्ष एकमेकांशी काहीतरी बोलले. पोरं व्हरांड्यातल्या जास्वंदीच्या कुंड्यांपाशी जाऊन आली. मी वळलो तेव्हा टेबलावरच्या माझ्या गरम पाण्याच्या थर्मासला जास्वंदीचा हार घातलेला होता, आणि सगळा वर्ग माना खाली घालून उभा होता.

नेमके तेव्हाच मॅडम साहेबांना घेऊन दारात आल्या. सातवी ब मध्ये श्वास ऐकू येत होता. मॅडमनी असलं काही कधी पाहिलं नव्हतं, त्यांनी भिंतीला हात टेकला.

साहेब चांगले धट्टेकट्टे, आमच्या कोडोलीकडचेच. त्यांनी हाराकडे पाहिलं, फळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग दाराजवळच्या श्रावणीला अगदी दबक्या आवाजात विचारलं, "काय झालंय?"

"सरांचा आवाज बंद पडलाय," ती मान वर न करता म्हणाली. "दुखवटा पाळतोय."

साहेबांनी घड्याळात बघितलं. "किती वेळ?"

"सर बोलायला लागंपर्यंत."

साहेबांनी दारातच बूट काढले, शेवटच्या बाकापाशी गेले आणि विराजच्या शेजारी मान खाली घालून उभे राहिले.