लाँचचा मिस्त्री आणि आंबा घाट

आंबा घाट उतरून लाल माती दिसली आणि माझं डोकं पुन्हा तापलं. गेल्या खेपेला याच घाटात माझा जुना डिझेल ट्रक चढता चढेना. निम्म्या पेट्या रस्त्यावर उतरवून दोन फेऱ्यांत वर नेल्या. हापूस कोल्हापूरला पोचला तो लिबलिबीत. बागवाल्यानं बजावलं, "पुन्हा असं झालं तर माल दुसऱ्या गाडीत." माझ्याकडे दुसरी गाडीही नाही आणि दुसरा धंदाही.

रत्नागिरीच्या बंदरावर उस्मानचाचा भेटले, मच्छीमारांच्या लाँचची इंजिनं बांधणारे मिस्त्री. "चाचा, जोर वाढवा," एवढंच मी दहादा सांगितलं. त्यांनी नोझल साफ केले आणि पंपाचा स्क्रू फिरवून इंजिनात जाणारं डिझेल वाढवलं.

"आता हात लावायचा नाय, भाऊ. आम्ही एकदा बांधलं की धक्क्याला लागेपर्यंत तसंच."

वर घरी नेऊन घावने (तांदळाची जाळीदार धिरडी) आणि बांगड्याचं कालवण वाढलं. जेवण झकास होतं, त्याचाच नंतर जास्त राग आला.

पेट्या भरून निघालो. हातखंब्यापर्यंत गाडी अशी पळाली की मी शीळ घालत होतो. साखरपा सोडून घाट लागला आणि तिसऱ्या वळणावर काळाकुट्ट धूर निघाला. मग रेडिएटरचं पाणी उकळलं आणि गाडी बसली. खाली जाणाऱ्या एस.टी.च्या ड्रायव्हरकडे मी निरोप धाडला, शिव्यांसकट.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं चाचा स्वतः आले. मी तोंड सोडलं. "वाटोळं केलंत माझं. एवढी अक्कल नाही, तर हात कशाला घातलात?"

ते माझ्याकडे बघतच नव्हते. मान वर करून चढ बघत होते.

"एवढा चढ? मी पालीच्या वर कधी आलो नाय. दर्यात सपाट चालायचं, इंजिनाला थंड पाणी हवं तेवढं. तुम्ही घाट बोलला नाय, भाऊ."

त्यांनी स्क्रू निम्मा मागे फिरवला. मग पाण्याचा डबा घेऊन गाडीसोबत चालत राहिले आणि प्रत्येक वळणावर थांबवून रेडिएटर भरत गेले. एकही पेटी न उतरवता आम्ही माथ्यावर पोचलो. चाचा तिथूनच परतीच्या एस.टी.त बसले.

माल एक दिवस उशिरा पोचला. हापूस पुन्हा मऊ, आणि पुढची खेप दुसऱ्याच्या गाडीत गेली. गाडी आता भरल्या पेट्यांनिशी घाट चढेल, पण भरायला पेट्या नाहीत. राग अजून गेलेला नाही. चाचांनी घाट पाहिला नव्हता. मी तो शंभरदा चढलो होतो आणि त्यांना सांगितलं नव्हतं.