मांजराच्या नावाचा रिपोर्ट

आमच्या लॅबमध्ये पॉझिटिव्ह आलेल्या आकड्याखाली लाल पेनानं रेघ मारायची पद्धत होती. डॉक्टरांना पटकन दिसावं म्हणून. सांगलीत बारा वर्षं रक्त काढलं, शेकडो रेघा मारल्या. त्यातली एक माझ्या धाकट्या बहिणीच्या रिपोर्टवर. हात झडला असता तर बरं झालं असतं.

तिचे दोन गर्भ पडले होते. तिच्या डॉक्टरांनी लिहून दिलेल्या तपासण्यांत टॉक्सोप्लाझ्माचीही एक होती. मांजराच्या विष्ठेतून, मातीतून, अर्धकच्च्या मटणातून अंगात शिरणारा जंतू. तिच्या रक्तात त्याची जुनी खूण सापडली, म्हणजे तो कधीकाळी येऊन गेलेला. मी रेघ मारली आणि कागद दाजींच्या हातात दिला. समजावून सांगायला दोन मिनिटं लागली असती. बाहेर रांग होती, म्हणून नाही सांगितलं.

दाजींनी मोबाईलवर शोधलं, तर मांजरामुळं गर्भ पडतो असं निघालं. झालं! कृष्णाकाठचं उसाचं घर ते. सासूनं आधी घरातलं मांजर पोत्यात घालून नदीपल्याड सोडायला लावलं आणि आठवड्यात बहिणीला आटपाडीला, आमच्या आईकडं धाडलं. "मेंढरांत वाढलेली पोर, रोग घिऊनच आली. आता पोराचं दुसरं लगीन बघती." आणि दाजी, फौजेतला मर्द गडी, आईपुढं भिजलेलं मांजर!

माझं डोकं फिरलं. अरे, हा जंतू काय जात आणि सातबारा बघून शिरतो? कुठल्या देशात थोड्यांत सापडतो, कुठं निम्म्याहून जास्त लोकांत. हवा, पाणी, मटण किती शिजवतात, यावर ते असतं. माणच्या मेंढपाळाच्या रक्तात ती खूण मी बघितली, तशीच मटणाला कधी शिवले नाहीत अशा वाईच्या भटजीबुवांच्याही. कुणाला पत्ताही नसतो.

रजा टाकली, सिरिंज घेतली आणि थेट बहिणीच्या सासरी, सासूपुढं सोप्यात जाऊन बसले.

"मावशी, तुमचं रक्त द्या."

"मला काय धाड भरलीया?"

"न्हाई ना? मग भ्यायचं कशाला? तुमच्यात न्हाई सापडलं, तर पुन्यांदा या उंबऱ्याला पाय लावणार न्हाई."

"घे की! आमच्या रक्तात खोट न्हाई." चार लेकरांची आई ती. ऐटीत हात पुढं केला.

रिपोर्ट आला. त्यांचा आकडा बहिणीपेक्षा मोठा होता. या वेळी रेघ मारली नाही. आमच्या डॉक्टरांकडून खाली चार ओळी लिहून घेतल्या आणि त्यांना वाचून दाखवल्या. जुनी लागण आहे, गर्भ पडण्याशी तिचा संबंध नाही.

"मग मला चार पोरं कशी झाली गं?"

"आवं, तेच तर सांगतीया कवाधरनं!"

त्यांनी कागदाची घडी घालून कमरेला खोचली. मग लेकावर खेकसल्या, "बघतोस काय रं? जा, आण तिला."

मी दाजींच्या गाडीतूनच आटपाडीला गेले. बहिणीनं अंगणात सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता हसेल, गळ्यात पडेल.

"मांजरानं न्हाई, तर मग माझी दोन लेकरं कशानं गेली, आक्का?"

इतके दिवस आम्ही सगळे मांजराच्या मागं लागलो होतो. खरं कारण कुणी शोधलंच नव्हतं. मीही नाही.