लीड्समधली पहिली दहा वर्षं

तेजश्रीचा जन्म लीड्सचा. तिचे वडील, जयेश, तेव्हा तिथे नोकरीला होते, पण वर्क व्हिसावर. म्हणून पोरीचा पासपोर्ट भारतीयच. ती अकरा वर्षांची झाली आणि जयेशला जपानमध्ये, कोबेला नोकरी मिळाली. आता सतरा पूर्ण झाल्यावर तिला लीड्सलाच शिकायला जायचं होतं.

"जन्म तिथला आणि पहिली दहा वर्षं तिथेच गेली असतील, तर ब्रिटिश नागरिक म्हणून इथूनही नोंदणी होते," जयेशने वाचून दाखवलं. "फक्त कुठल्याही वर्षात नव्वद दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिलेलं नसावं."

तेजश्रीच्या आईला, सुचित्राला, लगेच मिरज आठवलं. तेजश्री सहा वर्षांची असताना मिरजेला अण्णा, म्हणजे सुचित्राचे वडील, अंथरुणाला खिळले होते. लेकीला घेऊन ती गेली, ती त्यांचे दिवस करूनच परतली. चार महिने तरी नक्की झाले होते.

आठवडाभर तिने कुणाला काही सांगितलं नाही. पाळणाघरात कामावर असतानाही डोक्यात तेच. शेवटी रविवारी लेकीजवळ बसून म्हणाली, "अण्णांच्या वेळी आपण चार महिने मिरजेला होतो. माझ्यामुळे तुझं नागरिकत्व हुकणार बहुतेक."

तेजश्रीने जुना पासपोर्ट काढला. शिक्के शोधले, फोनवर मोजलं.

"ममा, सेव्हन्टी-फाइव्ह डेज. दाइजोबू! काही प्रॉब्लेम नाही."

"पंच्याहत्तर? शक्यच नाही. परत मोज."

तिने परत मोजलं. तेवढेच. सुचित्रा पासपोर्टकडे बघतच राहिली. रोज अंग पुसायचं, चमच्याने पेज भरवायची. ते दिवस सरता सरत नव्हते.

"मला आजोबांचे फक्त हात आठवतात," तेजश्री म्हणाली. "ते बोलायचे?"

"शेवटी नाही. पण तू पाढे म्हणालीस की बोटं हलवायचे."

सुचित्राला रडू फुटलं. मग अकरा वर्षांत कधी न काढलेला विषय ती संध्याकाळपर्यंत बोलत राहिली.

तिथे राहिल्याचा पुरावा म्हणून लीड्सच्या शाळेने हजेरीचं पत्र पाठवलं. लसीकरणाचं पुस्तक सुचित्राने जपून ठेवलेलंच होतं. अर्ज पाठवायच्या दिवशी जयेश म्हणाला, "हे झालं की भारतीय पासपोर्ट परत करावा लागेल हं."

तेजश्रीने अर्ज बाजूला ठेवला. "मग आधी मिरजेला जाऊन येऊ या? याच पासपोर्टवर."

तिघं दहा दिवस जाऊन आली. अर्ज गेला तो त्यानंतर. हिवाळ्यात प्रमाणपत्र आलं. तेजश्रीने ते आधी आईच्या हातात दिलं.